गाडीचा दुसरा डोळा

उसाचा हंगाम होता. तात्यांच्या लहान गाडीतून आम्ही फलटणहून बारामतीकडे निघालो होतो. रात्रीचे नऊ वाजून गेले होते. वाटेत उसाची एक ट्रॉली बंद पडलेली दिसली. तिला मागे दिवा नव्हता. खूण म्हणून कोणी झाडाची फांदीसुद्धा ठेवली नव्हती. तिला वळसा घालायला तात्यांनी गाडी जरा उजवीकडे घेतली. समोरून एक दिवा येत होता, तोही पलीकडच्या कडेने.

"फटफटी हाय," तात्या म्हणाले. "जाईल कडेकडेनं."

ती फटफटी नव्हती. ती चांगली रुंद चारचाकी होती. तिचा उजवा दिवा गेलेला होता. अंधारातून तिचे अर्धे अंग एकदम आमच्यापुढे आले. तात्यांनी गाडी ट्रॉलीच्या चाकाला लावली म्हणून आम्ही वाचलो. बाहेरचा आरसा गेला, दाराला लांब ओरखडा पडला. पुढे जाऊन ती गाडी थांबली. चालवणारा खाली उतरला. तोही घाबरला होता. बल्ब जाऊन दोन महिने झाले होते म्हणे.

"एका दिव्यानं दिसतंय की!" तो म्हणाला.

त्याला दिसत होते, हे खरे. पण तो आम्हांला दिसत नव्हता. गाडीचा दिवा फक्त आपल्याला रस्ता दिसावा म्हणून नसतो. आपली गाडी केवढी आहे आणि कुठवर पसरली आहे, हे समोरच्याला कळावे म्हणूनही तो असतो. आपल्याकडे गाड्या डाव्या बाजूने चालतात. म्हणजे गाडीचा उजवा दिवा रस्त्याच्या मधल्या बाजूला येतो. तोच गेला, तर समोरच्याला वाटते, मधली जागा मोकळी आहे. डावा दिवा गेला, तर कडेने चालणारा माणूस, सायकल, बैलगाडी आपल्याला दिसत नाही. दोन्ही वाईटच. पण उजवा जास्त वाईट, असे आमचे मत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांच्या अंगणात त्यांचीच गाडी तपासायला घेतली. दिवा लावला. दोन्ही बाजू लख्ख पेटल्या. तात्या खूश झाले. मग आम्ही म्हटले, "आता डिपर लावा." डावा दिवा पेटला, उजवा विझला!

तात्या खजील झाले. "तरीच समोरचे लोक सारखे दिवे मारीत व्हते," ते म्हणाले. डिपर अंधूक पडतो म्हणून ते रोज अप्परवरच गाडी चालवीत. कारण त्यांना आता कळले.

लहान गाड्यांच्या बऱ्याच दिव्यांत एकाच बल्बात दोन तारा असतात. एक अप्परची, एक डिपरची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. ती वाटी उजेडाचा काही भाग अडवते. त्यामुळे उजेड खाली रस्त्यावर पडतो, समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. दोन तारांपैकी एक जळाली तरी दुसरी चालत राहते. म्हणून दिवा तपासताना अप्पर आणि डिपर दोन्ही लावून बघावेत. एकाने आत बसावे, एकाने समोर उभे राहावे. एकटेच असलात तर गाडी भिंतीसमोर लावा.

आता बल्ब आणायचा. दुकानात जाऊन "गाडीचा बल्ब द्या" एवढेच म्हणू नका. जुन्या बल्बाच्या बुडाशी काय लिहिले आहे ते वाचा. अक्षरे आणि आकडे इंग्रजी असतात, पण थोडीच असतात. पहिले अक्षर एच. ते एकाच पायरीच्या शिडीसारखे दिसते. त्याच्यापुढे चारचा आकडा. इंग्रजी चार हा उलट्या ठेवलेल्या खुर्चीसारखा असतो. हा झाला एच-४ जातीचा बल्ब. पुढे १२ व्होल्ट आणि ६०/५५ वॅट असे असते. ६० अप्परचे, ५५ डिपरचे. सगळ्याच गाड्यांत एच-४ नसतो. म्हणून जुना बल्ब खिशात घालून न्यावा, हे बरे. ट्रकचा बल्ब २४ व्होल्टचा असतो. तो आपल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर मिणमिणेल.

दुकानदार कधी म्हणतो, "हा १०० वॅटचा घ्या, रान उजळंल." घेऊ नका. साधा हिशेब करा. ६० ला १२ ने भागले तर ५ येतात. म्हणजे तारेतून ५ अँपिअर वीज जाते. १०० ला १२ ने भागा. आठाच्या वर उत्तर येते. तार मात्र पूर्वीचीच. मग तार तापते, होल्डर वितळतो, आतला चकचकीत आरसा काळवंडतो. पांढऱ्याफेक एलईडीचेही तसेच. ज्या गाडीला कारखान्यातून तो दिवा आला आहे, तिथे तो ठीक. पण हॅलोजन बल्बाच्या घरात एलईडी बसवला, की उजेड बहुतेक वेळा वेडावाकडा फाकतो. चालवणाऱ्याला बरे वाटते आणि समोरचा आंधळा होतो. समोरच्याचे डोळे दिपतील असा दिवा लावायला १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही मनाई आहे.

बल्ब बदलणे अवघड नाही. तात्यांनी स्वतः बदलला. आधी इंजिन आणि दिवे बंद केले. दिवा नुकताच विझला असेल तर पंधरा-वीस मिनिटे थांबावे, बल्ब चुलीतल्या निखाऱ्यासारखा तापलेला असतो. मग बॉनेट उघडले. दिव्याच्या पाठीमागे तीन तारांचा होल्डर दिसतो. तो सरळ मागे ओढावा. पकडताना होल्डर पकडावा, तारा नव्हे. त्याच्या आत रबरी टोपी असते, ती काढावी. मग तारेची चाप लागते. ती दाबून बाजूला सारली की बल्ब हातात येतो.

तात्यांचा होल्डर एका बाजूने तपकिरी झाला होता. वितळला नव्हता म्हणून ठेवला. वितळलेला असता तर नव्या बल्बाचा उपयोग नव्हता, होल्डरच बदलावा लागला असता.

नव्या बल्बाच्या काचेला बोट लावू नका. हे विसरायचे नाही. आपल्या बोटांना तेलकटपणा असतो. तो काचेवर राहिला, की त्या ठिकाणी काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. कधी तडकतोही. आत दाबलेला वायू असतो, म्हणून तोंड फार जवळ नेऊ नये. बल्ब बुडाच्या पत्र्याला धरावा. चुकून बोट लागलेच, तर स्वच्छ फडक्याला स्पिरिट लावून पुसावा. बुडाच्या चकतीला तीन कान असतात. एक रुंद असतो, तो वरच्या अंगाला बसतो. बल्ब एकाच रीतीने बसतो, जोर करावा लागत नाही. जोर करावा लागला तर समजा, आपलेच चुकले. मग चाप, रबरी टोपी, होल्डर. टोपी घट्ट बसली पाहिजे. ती सैल राहिली, की पावसाळ्यात दिव्यात पाणी आणि धूळ शिरते.

बल्ब बदलूनही दिवा लागला नाही तर? दोन्ही बल्ब आपसांत बदलून बघा. उजवीकडचा बल्ब डावीकडे पेटला, तर बल्ब चांगला आहे, दोष फ्यूजमध्ये किंवा तारेत आहे. फ्यूज गेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. सिगारेटची चांदी गुंडाळू नका, तार बांधू नका. फ्यूज जळतो तो गाडी जळू नये म्हणून. दिवा पेटतो पण पिवळट, मंद. असे असेल तर अर्थिंगची तार गंजली का ते बघा.

तात्यांच्या दिव्यांचे बाहेरचे प्लास्टिकही उन्हाने पिवळे पडले होते. ते घासून साफ करता येते. पाणी लावून आधी १००० नंबरचा, मग २००० नंबरचा पॉलिशपेपर हलक्या हाताने फिरवावा, शेवटी पॉलिश. पण वरचा थर निघून जातो, म्हणून त्यावर संरक्षक लेप द्यावा लागतो. नाहीतर ते पुन्हा पिवळे पडते. रॉकेल किंवा पेट्रोलने पुसू नये, प्लास्टिकला बारीक भेगा पडतात.

संध्याकाळी आम्ही गाडी शाळेच्या भिंतीपाशी नेली. जमीन सपाट होती. चाकांत हवा बरोबर होती. आधी गाडी भिंतीला अगदी जवळ लावली आणि दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर भिंतीवर खूण केली. मग गाडी सरळ मागे १० मीटर घेतली आणि डिपर लावला. उजेडाची वरची कड खुणेच्या साधारण १० सेंटिमीटर खाली यावी लागते. डाव्या बाजूला ती थोडी वर चढलेली असते. ती मुद्दाम तशी असते, कडेने चालणारा दिसावा म्हणून. तात्यांचा उजवा दिवा खुणेच्या वर टेकला होता. दिव्यामागचा स्क्रू फिरवून तो खाली आणला. डिकीत खताची पोती भरली की गाडीचे नाक वर होते आणि उजेडही वर जातो. काही गाड्यांत त्यासाठी चालकाजवळ ० ते ३ आकड्यांचे छोटे चाक असते. ओझे जास्त तर आकडा जास्त.

डावीकडचा जुना बल्ब चांगला होता, तरी तात्यांनी तोही बदलला. दोन्ही एकाच वयाचे होते. जुना त्यांनी पायमोज्यात गुंडाळून डिकीत ठेवला, अडीअडचणीला. भिंतीवरची खूण मात्र कोळशाने केली होती. ती पुसता पुसता अंधार पडला, आणि दुसऱ्या दिवशी गुरुजी बोललेच. खूण खडूने करा.