कळलावी

मुलांनो, पावसाळ्यात गावाबाहेरच्या एखाद्या कुंपणाकडे नीट पाहा. हिरव्या पाल्यात तुम्हांला लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुले दिसतील. हीच कळलावी. तिला अग्निशिखा असेही म्हणतात. तमिळनाडूचे हे राज्यपुष्प आहे.

कळलावी ही आपल्या देशातील रानवेल आहे. तिला आधारावर चढायला वेगळे ताणे नसतात. तिच्या पानाचे टोकच स्प्रिंगसारखे वळते आणि शेजारच्या फांदीला धरते. कळी खाली मान घालून असते. फूल उमलले की त्याच्या सहा नागमोडी पाकळ्या मागे, वरच्या बाजूला वळतात. फूल आधी हिरवट, मग पिवळे, नंतर केशरी आणि शेवटी लालभडक होते.

पावसाळा संपला की वेल सुकते. पण ती मेली असे समजू नका. जमिनीखाली तिचा कंद जिवंत असतो. पुढच्या पावसात त्यातून पुन्हा कोंब फुटतो. म्हणून हिला बहुवर्षायू वनस्पती म्हणतात. कंदाचा आकार नांगरासारखा असतो, म्हणून संस्कृतात तिला 'लांगली' हे नाव मिळाले.

'कळ' म्हणजे वेदना. पूर्वी सुईणी बाळंतपणात कळा याव्यात म्हणून हा कंद वापरीत. 'कळ लावणे' याचा दुसरा अर्थ भांडण लावणे. त्यामुळे हे फूल घरात आणले तर भांडणे होतात, असा समज पसरला. बिचाऱ्या फुलाचा यात काय दोष?

खरा धोका वेगळाच आहे. ही वेल सर्वांगाने विषारी आहे. कंद तर सर्वांत विषारी. रताळे समजून तो खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. या विषाचे नाव कोल्चिसिन. गंमत अशी की, याच द्रव्यापासून संधिवाताच्या एका प्रकारावर औषध तयार होते. युनानी हकीम सांधेदुखीवर 'सुरंजान' देतात, हे तुम्ही घरी ऐकले असेल. त्या सुरंजानमध्येही हेच द्रव्य असते. मात्र औषधाची मात्रा वैद्य, हकीम किंवा डॉक्टरच ठरवू शकतात. आपण प्रयोग करू नये.

औषधासाठी लोक रानातले कंद खणून नेतात. कंद गेला की पुढच्या वर्षीचे फूलही गेले. म्हणून मुलांनो, कळलावी दिसली तर डोळे भरून पाहा, वहीत तिचे चित्र काढा. पण तिला उपटू नका आणि तोंडात तर मुळीच घालू नका.

स्वाध्याय
१. कळलावी आधारावर कशी चढते?
२. वेल सुकली तरी ती मेली असे का म्हणता येत नाही?
३. 'कळ लावणे' आणि 'डोळे भरून पाहणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.