आधी मागचे दिवे

सातारा,
बुधवार, रात्र

चि. बाळास,

तुझ्या आईला फोन करणार होते, पण तिला यातलं काही ठाऊक नसावं, म्हणून तुलाच लिहिते आहे. आमच्या पेठेतला भाजीचा टेम्पोवाला रविवारी रात्री कराडहून येत होता. काशीळच्या अलीकडे महामार्गाच्या कडेला क्रीम रंगाची फियाट उभी, बॉनेट वर, आत ट्यूबलाईट लावल्यासारखा पांढरा उजेड आणि त्या उजेडात डोकं खुपसलेला एक पोरगा. "बाई, गाडी तुमच्या नानांची वाटली," म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "पण मागं एक दिवा नव्हता हो. पार जवळ आल्यावर दिसली." त्या रंगाच्या फियाट आता या रस्त्यावर उरल्यात किती? मी पुढे काही विचारलंच नाही.

दादाला आडून विचारलं तर तो कौतुकानं सांगू लागला: पोरानं स्वतः बॉनेटखाली दिवा बसवला, रात्री कुठे अडलं तर बरं. आणि बॅटरी उतरू नये म्हणून काम करताना बाकीचे दिवे बंद ठेवतो, हेही त्यानंच सांगितलं. तेव्हापासून मला झोप नाही.

अरे, तू इंजिनिअरिंगला आहेस ना? मग हिशेब कर. मागचे दोन लाल दिवे पाच-पाच वॅटचे. १२ व्होल्टवर दोन्ही मिळून एक ॲम्पिअरही खात नाहीत. पुढचे बारके आणि नंबरप्लेटचा धरला तरी सगळे मिळून दोन ॲम्पिअरच्या आसपास. तासभर जळले तर बॅटरीला कळणारसुद्धा नाही. हेडलाईट बंद कर, ते समजू शकते. पण हे एवढेसे दिवे वाचवून काय मिळवलंस? सध्या कृष्णा, सह्याद्री, राजारामबापू, सगळ्या कारखान्यांची मोळी पडलेली आहे. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या उसाच्या, त्यांना चुकवत मागून ट्रक येतात. ताशी ८० चा वेग म्हणजे सेकंदाला २२ मीटर. तू पन्नास मीटरवर दिसलास, तर त्या ड्रायव्हरच्या हाती सव्वादोन सेकंद. टेम्पोवाल्यानं 'पार जवळ' म्हटलं, ते किती जवळ, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

आणि तुझा तो दिवा मागच्यांना दिसतो असं मनात धरू नकोस. उघडं बॉनेट आणि गाडीची काच, दोन्ही मध्ये येतात. समोरून येणाऱ्याला तू लख्ख दिसतोस आणि ज्याच्यापासून धोका त्याला दिसत नाहीस. शिवाय पांढऱ्या उजेडात पाच मिनिटं पॉइंट घासून मान वर केलीस की रस्ता काळाठिक्कर. डोळे अंधाराला पुरते सरावायला अर्धा तास लागतो, हे मी शाळेत पोरांना शिकवत आले. त्या वेळात तू एक पाऊल चुकून रस्त्याकडे टाकलंस तर?

रेठऱ्याच्या मामांचं तुला ठाऊक आहे. मी ते पुन्हा सांगत नाही. ते चाकच बदलत होते.

दिवा काढून टाक असं मी म्हणणार नाही. कल्पना चांगली आहे, आणि ती गाडी तशी आहेच की माणसाला वाकून बघावंसं वाटावं. १०८९ सीसीचं सुटसुटीत इंजिन, कार्बोरेटर, पॉइंट, प्लग सगळं हाताशी. ज्या वालचंद हिराचंदांच्या नावाच्या कॉलेजात तू रोज जातोस, त्यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि तिच्याच कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी आली. नानांना याचा फार अभिमान. पण बाळा, दिवा बसवायचा तर नीट बसव. दादा म्हणाला, एलईडीची पट्टी डिंकानं चिकटवली आहेस. बॉनेटखालच्या उष्णतेनं तो डिंक सुटणार आणि पट्टी कधीतरी पंख्यात लोंबणार. स्क्रूनं पक्की कर. साधा बल्ब नकोच, तो तापतो, आणि खाली पेट्रोलचा पंप आहे. वायर थेट बॅटरीवरून घेतली असशील तर बॅटरीच्या अगदी तोंडाशी फ्यूज हवा, दिव्याजवळ नव्हे. फ्यूज दिव्याजवळ असला आणि मधे कुठे वायर सोलवटून पत्र्याला लागली, तर फ्यूजच्या अलीकडचा भाग उघडाच राहतो. पत्र्याच्या भोकातून वायर नेशील तिथे रबराचं कडं घाल.

दाराला असतं तसं बटण लावलंयस का, बॉनेट उघडलं की आपोआप लागणारं? ते पावसात गंजून अडकतं. मग बॉनेट बंद, आत दिवा चालू आणि तुला पत्ताच नाही. २१ वॅटचा दिवा असता तर १२ तासांत २१ ॲम्पिअर-तास गेले असते, म्हणजे आपल्या बॅटरीचा निम्मा जीव. तुझी पट्टी कमी खाते, तरी वेगळा एक खटका ठेवच. इंजिन बंद असताना मोबाईलवर चित्रण चालू करून तो आत ठेव, बॉनेट हलकेच टेकव, मग बघ दिवा विझतो का. वर्गात फ्रीजच्या दिव्याविषयी पोरं हेच विचारायची.

दिवा कुठे पडतो तेही बघ. डोळ्यावर नको, कामावर हवा. नाना मला हेच ओरडायचे. मे महिन्यात पुण्याला जाताना खंबाटकीच्या चढाला गाडी हमखास दम सोडायची. तेव्हा बोगदा नव्हता, जाणारे-येणारे सगळे घाटातूनच. पंप तापून पेट्रोलची वाफ व्हायची, त्यावर भिजलेलं फडकं टाकून बसायचं. रात्र असली की बॅटरी धरायचं काम माझं. "पंपावर धर गं, माझ्या तोंडावर नको." मी अगदी श्वास रोखून धरायची. दादाला पाना मिळायचा, मला बॅटरी. पुढे दादा गाडी शिकला आणि मी कधी 'मलाही शिकवा' म्हटलं नाही. कुणी नको म्हटलं असतं असंही नाही. नाना तर आनंदानं शिकवते. ती रुखरुख अजून आहे.

आणि आई. बॉनेट उघडण्याआधी नाना तिला म्हणायचे, "तू मागं जा." ती कंदील घेऊन गाडीच्या मागे वळणापर्यंत चालत जायची आणि रस्त्याखाली उतरून दगडावर उभी राहायची, कंदील वर धरून. गाडी सुरू झाल्यावर हाक मारली की यायची. तेव्हा मला वाटायचं, खरं काम इथे पुढे चाललंय. घाटात एकटीला तिथे भीती वाटत असेल का, हे मी तिला कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला ती नाही.

तुझ्यामागे कंदील धरायला कोणी नव्हतं, हे माझ्या डोक्यातून जात नाही. तू एकटा होतास.

म्हणून सांगते. गाडी अडली की आधी डांबर सोड, जमलं तर सेवा रस्त्यावर किंवा पेट्रोलपंपाच्या आवारात ढकल. मागचे दिवे चालू. लाल त्रिकोण चांगला लांब मागे. डाव्या बाजूनंच काम कर. आणि हे काहीच शक्य नसेल, तर बॉनेट उघडूच नकोस. रस्त्यापासून लांब उभा राहा आणि १०३३ ला फोन कर, महामार्गवाले येतात. नानांची गाडी एक रात्र तिथे राहिली तर राहू दे. चोरीला गेली तरी मी दादाशी बोलेन.

काशीळहून मी कितीशी लांब आहे रे? पलंगावर पडून वाचत होते त्या रात्री. तुला वाटलं असेल, म्हातारीला कशाला उठवा. उठव. मी रिक्षा करून आले असते, मागे बॅटरी धरून उभी राहिले असते, आणि एक शब्द बोलले नसते. निदान गाडी सुरू होईपर्यंत.

वर फार रागावले आहे. पुन्हा वाचलं, पण खोडत नाही, तुला ते कळायला हवं. एरवी तुझ्या हाताला गुण आहे. दादा म्हणत होता, परवा तूच कार्बोरेटर उघडून साफ केलास आणि गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. ऐकून फार बरं वाटलं. नाना असते तर गल्लीभर सांगत फिरले असते.

पुढच्या रविवारी गाडी घेऊन ये, पण दिवसाउजेडी. पोवई नाक्यावरून दोन त्रिकोण आणून ठेवलेत, ते डिकीत टाक. आणि कुठे मोकळं मैदान मिळालं तर मला एकदा पहिल्या गिअरमध्ये चालवू दे. स्टिअरिंगजवळचा तो गिअर नाना कसा टाकायचे, ते मला पाठ आहे. फ्यूज, खटका, नवी वायर यांचा खर्च किती होईल ते कळव, पैसे मी पाठवते. दादाकडे मागू नकोस आणि त्याला हे सांगूही नकोस.

तुझी,
आत्या