हिमनगाचें चित्र आणि आपला बोरघाट

पावसाळ्यांत मावळावर धुकें उतरलें म्हणजे लोहगड, विसापूर, तुंग व तिकोना यांचे माथे तेवढे वर राहतात. खालचीं गांवें व भातखाचरें दिसेनाशीं होतात. उत्तर समुद्रांतील हिमनगही असाच असतो. त्याचा सुमारें नऊ-दशांश भाग पाण्याखालीं असून डोळ्यांस उरलेला अंश तेवढा दिसतो. अशा दृश्याचें गांभीर्य न दिसणाऱ्या भागाच्या जाणिवेंतून येतें. तें चित्रांत कसें उतरवावें, हें दोन उदाहरणांवरून पाहूं.

कास्पार दाविद फ्रीडरिख या जर्मन चित्रकारानें १८२३-२४ सालीं 'बर्फाचा समुद्र' हें चित्र काढलें. एकावर एक चढलेल्या हिमशिलांनीं त्यांत जणूं थडगेंच रचलें आहे. बाजूस, प्रथमदर्शनीं नजरेस न येणारा, चिरडलेल्या जहाजाचा थोडासा भाग आहे. तो दिसतांच साऱ्या बर्फाचा अर्थ पालटतो. फ्रीडरिखनें ध्रुवप्रदेश कधींही पाहिला नव्हता. एल्ब नदीवरील बर्फाचा अभ्यास त्यास पुरला.

अमेरिकन चित्रकार फ्रेडरिक चर्च मात्र १८५९ सालीं न्यूफाउंडलंड व लॅब्राडॉरकडे जाऊन हिमनग पाहून आला. 'हिमनग' या नांवानें प्रसिद्ध असलेलें त्याचें सुमारें साडेनऊ फूट रुंदीचें चित्र १८६१ सालीं न्यूयॉर्क येथें मांडलें गेलें, तेव्हां त्यांत जहाजाची कांहींच खूण नव्हती. १८६३ सालीं लंडन येथें दाखविण्यापूर्वीं त्यानें त्यांत मोडकी डोलकाठी काढली. १८४५ सालीं ध्रुवप्रदेशांत गेलेल्या फ्रँकलिनच्या दोन जहाजांवरील १२९ माणसांपैकीं कोणीही परतलें नव्हतें. त्या लांकडाच्या तुकड्यांत पुष्कळांस त्यांचें स्मरण दिसतें.

त्याच १८६३ सालीं आपल्या बोरघाटांतील लोहमार्ग खुला झाला. १८५६ पासून चाललेल्या या कामावर अपघातांनीं व पटकीसारख्या रोगांनीं हजारों मजूर मरण पावले. खंडाळ्याचें चित्र काढतांना आपण धुकें काढतों, धबधबा काढतों, नागफणीचा सुळका काढतों. बोगदा मात्र शोभा बिघडेल म्हणून वगळतों. चर्चच्या चित्रांत डोलकाठीचें जें काम, तेंच येथें बोगद्याचें. त्याचें काळें तोंड कोपऱ्यांत लहानसें दिसलें, तरी हा कडा कोणीं फोडला, असा प्रश्न पाहणाराच्या मनांत येईल. येत्या पावसाळ्यांत रंगपेटी घेऊन बसाल, तेव्हां त्या खुणेसाठीं कागदावर थोडी जागा राखून ठेवावी.