अतिचंचल व अवज्ञाशील बालकांसाठी घरातील मर्यादा

'मूल एका जागी बसत नाही, सांगितलेले ऐकत नाही, उलट उत्तरे देते. काही औषध द्या' ही मागणी घेऊन पालक आपल्या चिकित्सालयात आणि औषधालयात वारंवार येतात. ब्राह्मी वा शंखपुष्पीचा एखादा कल्प देऊन त्यांना परत पाठविले, तर महिन्याभराने तीच तक्रार पुन्हा कानी येते. औषध कोणतेही असो, घरातील मर्यादा रोज बदलत असतील तर अशा मुलाचे वर्तन स्थिर होत नाही. म्हणून या मर्यादांचाच विचार आपण येथे करू.

निदानाविषयी

प्रत्येक खोडकर मूल रुग्ण नसते. २०१३ च्या डीएसएम-५ या निकषसंग्रहानुसार एडीएचडीची लक्षणे किमान सहा महिने टिकलेली, बाराव्या वर्षापूर्वी दिसू लागलेली आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी आढळणारी असावी लागतात. सतत चिडणे, मोठ्यांशी वाद घालणे, मुद्दाम आज्ञा मोडणे व डूख धरणे असे वर्तन सहा महिने टिकल्यास ओडीडीचा विचार होतो. हे दोन्ही विकार पुष्कळदा एकाच मुलात आढळतात. श्रवणदोष, दृष्टिदोष, अपुरी झोप व अपस्मार यांची शक्यता आधी तपासावी आणि निश्चितीसाठी बालमानसरोगतज्ज्ञांकडे पाठवावे.

शास्त्राची दृष्टी

मनाला अहितकर विषयांपासून आवरणे म्हणजे सत्त्वावजय, असे चरकाचार्य सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात सांगतात. हे आवरण्याचे सामर्थ्य म्हणजे धृति. एडीएचडी म्हणजेच धृतिभ्रंश असे समीकरण मांडण्याची घाई करू नये. तथापि ज्या बालकाची आवरशक्ती दुर्बल आहे, त्याला ती काही काळ बाहेरून पुरवावी लागते, हे तत्त्व येथे नेमके लागू पडते. घरातील मर्यादा म्हणजे ही उसनी धृतिच होय.

ती भीतीने पुरविता येत नाही. शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात चरकांनी बजावले आहे की, मूल रडत असो, जेवत नसो वा आज्ञा पाळत नसो, राक्षस-पिशाचांची नावे घेऊन त्याला भिववू नये. बालकाला दरडावू नये, असे सुश्रुतही सांगतात. 'बागुलबुवा येईल', 'डॉक्टर सुई टोचतील' या आपल्या परिचित धमक्या याच निषेधात मोडतात.

मर्यादा का ढासळते

समजा, आठ वर्षांच्या मुलाला आईने मोबाईल ठेवण्यास सांगितले. त्याने ऐकले नाही. आई ओरडली, तो त्याहून मोठ्याने ओरडला. अखेरीस आजीने 'रडवू नकोस गं त्याला' म्हणून मोबाईल परत दिला. मूल शांत झाले, आईलाही सुटका वाटली. परंतु त्या क्षणी मूल एवढेच शिकले की, पुरेसा आकांत केला की 'नाही'चे 'हो' होते. परस्परांवरील दडपणाचे हे चक्र जेराल्ड पॅटरसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडले. कधी मिळणारे, कधी न मिळणारे फळ सवयीला अधिक चिवट करते, हेही स्किनर यांच्या प्रयोगांतून सिद्ध झाले आहे. चार दिवस नियम पाळून पाचव्या दिवशी नमणे त्यामुळेच घातक ठरते.

पालकांना काय सांगावे

१. नियम तीन-चारच असावेत, उदा. मारायचे नाही, रात्री नऊनंतर मोबाईल नाही. ते लिहून भिंतीवर लावावेत.

२. आई, वडील, आजी, आजोबा यांनी आधी एकत्र बसून ते ठरवावेत. मतभेद मुलासमोर मांडू नयेत.

३. सूचना जवळ जाऊन, नजरेला नजर देऊन, एका वाक्यात व एका वेळी एकच द्यावी.

४. परिणाम तत्काळ, लहान आणि ठरलेला असावा. 'पुढच्या महिन्यात सहलीला नेणार नाही' हे या मुलाला फार दूरचे वाटते. 'आज संध्याकाळी मोबाईल नाही' हे कळते.

५. ऐकले की लगेच, नेमक्या शब्दांत कौतुक करावे. दिवसभरात रागावण्यापेक्षा कौतुकाचे प्रसंग अधिक व्हावेत.

६. मारहाण, अपमान व जेवण बंद करणे सर्वथा वर्ज्य. शाळेतील शारीरिक शिक्षा तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नेच निषिद्ध आहे.

७. झोप, जेवण व अभ्यास यांच्या वेळा ठरलेल्या असाव्यात.

एक गोष्ट आवर्जून आधीच सांगावी. मर्यादा पाळावयास लागल्यावर पहिले काही दिवस आकांत कमी न होता वाढतो. 'उपाय उलटला' असे समजून पालक नेमके याच वेळी माघार घेतात, आणि अधिक मोठा आकांत यशस्वी ठरतो. हे पूर्वकल्पनेने सांगितले तर ते टिकून राहतात.

औषधाविषयी विवेक

अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार चार ते सहा वर्षांच्या आतील मुलांत पालकांचे वर्तन-प्रशिक्षण हाच पहिला उपचार मानला जातो; सहा वर्षांनंतर त्याच्या जोडीने औषध सुचविले जाते. मिथाइलफेनिडेटसारखे औषध चालू असल्यास ते परस्पर बंद करावयास सांगू नये. आपला कल्प द्यावयाचा झाल्यास तज्ज्ञांना कळवून द्यावा. औषधालयाच्या चालकांनीही 'चंचलता हमखास थांबते' असे सांगून बाटली विकू नये. त्या आश्वासनावर विसंबून निदान लांबले, तर मुलाच्या शाळेची वर्षे वाया जातात.

चिकित्सापत्राच्या मागील कोऱ्या बाजूस हे तीन-चार नियम पालकांकडूनच लिहून घ्यावेत, आणि पुढील भेटीत औषध किती घेतले हे विचारण्याआधी नियम किती दिवस पाळले हे विचारावे. शक्य असल्यास त्या भेटीस आजी-आजोबांनाही बोलवावे. घरातील सर्वांचे 'नाही' एकसारखे झाले की मुलाला त्याच्याशी झगडण्याचे कारण उरत नाही, आणि त्यानंतरच आपल्या औषधालाही वाव मिळतो.