वेष्टनावरील भाषा : रंग आणि शब्द

वेष्टनावर रंगही भाषेचे काम करतो. कीटकनाशकाच्या वेष्टनावरील तिरक्या चौकोनाचा खालचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा वा हिरवा असतो. हा विषारीपणाचा उतरता क्रम होय. मात्र चिन्हाचा अर्थ संकेताने ठरतो. संकेत ठाऊक नसलेल्यास हिरवा त्रिकोण ‘निर्धोक’ वाटू शकतो. वस्तुतः तेही विषच असते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक जण दगावले. कारणे अनेक होती. तथापि सूचना समजणे ही सुरक्षिततेची पहिली पायरी आहे. म्हणून छपाईपूर्वी मुद्रिते तपासताना रंगाबरोबरच मराठी मजकूर सुबोध व अक्षर वाचनीय आहे ना, हेही पाहावे.

कृती : घरातील एखाद्या वेष्टनावरील सूचना सोप्या मराठीत पुन्हा लिहा.