पेशीला मरण आणणारी गोळी

बेडकाच्या पिल्लाला आधी शेपटी असते. पुढे ती नाहीशी होते. ती कोणी तोडत नाही. शेपटीतल्या पेशी आपण होऊन मरतात. पेशी म्हणजे शरीराची वीट. आपल्याही शरीरात बिघडलेल्या पेशी रोज अशाच मरतात आणि नव्या येतात.

कर्करोगाची पेशी हा नियम मोडते. ती मरायच्या वेळी मरत नाही, वाढतच सुटते. मग गाठ होते. अशा पेशीला मरायला कसे लावायचे? आम्ही इथे एका गोळीची गोष्ट सांगतो.

पेशीच्या आत दोन पदरी दोरासारखा धागा असतो. पेशीने काय करायचे, ते त्यावर लिहिलेले असते. हा धागा रोज कुठे ना कुठे तुटतो. म्हणून पेशीत तो सांधणारे कारागीर असतात. एक पदर तुटला तर पार्प नावाचा कारागीर तो सांधायला मदत करतो. दोन्ही पदर तुटले तर बीआरसीए नावाचा लागतो.

काही बायकांना आईकडून किंवा वडिलांकडून बीआरसीएचा दोष येतो. मग स्तनाच्या गाठीतल्या पेशींत हा कारागीर पुष्कळदा उरतच नाही. त्या पेशी पार्पच्या जिवावर जगतात.

पार्पचेही हात बांधले तर अशी पेशी मरते, हे लंडन आणि शेफिल्ड इथल्या शास्त्रज्ञांनी २००५ साली दाखवले. ओलापरिब ही गोळी हेच काम करते. तिचा रेणू लहान, अवघ्या ५५ अणूंचा. तो पेशीत शिरतो आणि पार्पला धाग्यावरच अडकवून ठेवतो. पेशी धाग्याची नक्कल करू लागली, की दोन्ही पदर तुटतात. सांधायला कोणी नाही. तुटी साचतात आणि पेशी मरते. चांगल्या पेशीत बीआरसीए शाबूत असतो, म्हणून ती बहुधा तगते.

अमेरिकेत २०१८ साली स्तनाच्या कर्करोगासाठी या गोळीला मान्यता मिळाली. पण ती प्रत्येकीला चालत नाही. आधी रक्त तपासून दोष आहे का, ते पाहतात. गोळीने मळमळ होते, थकवा येतो, रक्तही कमी होते. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची.

बायांनो, स्तनात गाठ हाताला लागली तर लाजून लपवू नका. दुखत नाही म्हणून थांबू नका. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, पण ते डॉक्टरांनी ठरवायचे. आणि घरच्या पुरुषांनो, तुम्ही तिला दवाखान्यात घेऊन जा. औषध कितीही चांगले असो, वेळेवर गेले तरच त्याचा पुरा उपयोग होतो.