बाईंची शाळा आणि बाईंचे नाटक : सुलभा देशपांडे

या अंकात आम्ही एका अशा अभिनेत्रीची ओळख करून देत आहोत, जिच्या कारकिर्दीची सुरुवात शाळेच्या वर्गात झाली. सुलभा देशपांडे (१९३७–२०१६) या मुंबईत दादरच्या छबिलदास मुलांच्या शाळेत शिक्षिका होत्या. शाळेतल्या मुलांची नाटके बसवता बसवता त्या 'रंगायन' या प्रायोगिक संस्थेत आल्या.

१९६७ साली रंगायनने विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' रंगमंचावर आणले. दिग्दर्शक होते सुलभाताईंचे पती अरविंद देशपांडे. नायिका लीला बेणारे हीसुद्धा शाळामास्तरीणच! वर्गावर कधी उशिरा न जाणारी, मुलांवर जीव असणारी. एका गावी प्रयोगाला आलेली नाटकमंडळी वेळ घालवायला खोटा खटला भरतात आणि बाईंना आरोपी करतात. पाहता पाहता चेष्टेचे रूप पालटते व अविवाहित बाईंच्या खाजगी आयुष्याची चिरफाड सुरू होते. त्यांना नोकरीवरून काढण्याचे संस्थाचालकांनी ठरवले आहे, हेही त्या खटल्यातच बाहेर येते. शेवटी न्यायाधीश त्यांना बोलण्यासाठी दहा सेकंद देतात. बाई गप्प! मग सारी पात्रे जागच्या जागी थिजतात आणि बाई बोलू लागतात, पुष्कळ वेळ बोलतात. ते फक्त प्रेक्षकांना ऐकू येते; कोर्टाच्या लेखी बाई काहीच बोललेल्या नसतात. सबंध नाटकाचा भार या स्वगतावर आहे. ते नुसते रडून म्हटले तर बाई बिचाऱ्या वाटतील, नुसते रागाने म्हटले तर भाषण होईल. सुलभाताईंची बेणारे आजही मराठी रंगभूमीवरची मोठी भूमिका मानली जाते. १९७१ साली सत्यदेव दुबे यांनी काढलेल्या चित्रपटातही बेणारे त्यांनीच केली.

त्याच वर्षी देशपांडे दांपत्याने सहकाऱ्यांसह 'आविष्कार' संस्था स्थापन केली. पैसा नव्हता, नाट्यगृहाचे भाडे परवडणारे नव्हते. १९७४ पासून प्रयोग होऊ लागले ते कुठे? छबिलदास शाळेच्या सभागृहात! पुढे 'छबिलदास चळवळ' म्हणून ओळखले गेलेले हे पर्व एका शाळेच्या छपराखाली घडले. (आमच्या विश्वस्त मंडळींनी हा परिच्छेद दोनदा वाचावा, ही विनंती.) नंतर आविष्कारला जागा मिळाली, तीही माहीमच्या महापालिका शाळेच्या इमारतीत.

मोठ्यांच्या नाटकात नाव झाले तरी सुलभाताईंनी मुलांना सोडले नाही. आविष्कारची 'चंद्रशाला' ही बालशाखा त्यांनी जोपासली. तिचे 'दुर्गा झाली गौरी' हे नृत्यनाट्य फार गाजले. १९८७ मध्ये अरविंद देशपांडे गेले. त्यानंतरही सुलभाताईंनी संस्थेचे काम चालूच ठेवले.

चित्रपटांत त्यांच्या वाट्याला बहुधा आई, सासू, आजी आल्या. 'भूमिका' (१९७७), 'जैत रे जैत', 'चौकट राजा' (१९९१) ही त्यांतली काही नावे. 'इंग्लिश विंग्लिश' (२०१२) मधली प्रेमळ सासू तर आपल्या पालकांनीही पाहिली असेल. इतक्या ताकदीच्या नटीला पडद्याने मोजकेच दिले, असे आम्हांला वाटते.

आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी उपक्रम : वर्गात एकाने मध्ये उभे राहावे, बाकीच्यांनी थिजून बसावे. कोणी घड्याळ लावून दहा सेकंद मोजावेत. उभ्या असलेल्याने एक शब्दही बोलू नये, पण त्याला काय म्हणायचे आहे ते आपल्याला कळले पाहिजे. नंतर आपापल्या वहीत काय कळले ते लिहा आणि त्याच्याशी ताडून पाहा.